गळका तलाव

आमच्या गावच्या वरच्या अंगाला, माळ संपून डोंगर सुरू होतो तिथे, एक पाझर तलाव आहे. 1972 च्या दुष्काळात तो बांधला. माझी आई त्या कामावर मातीच्या पाट्या टाकायला होती. मी तेव्हा दीड वर्षाचा. बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत पडून असायचो, असं ती सांगायची. मजुरीबरोबर सुकडी मिळे. त्या तलावाची भिंत म्हणजे गावातल्या निम्म्याअधिक घरांतल्या बायकांनी डोक्यावरून वाहिलेली माती आहे. पुढे सांगणार आहे तो वाद नुसता पाण्याचा नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

चांगल्या पावसाच्या वर्षी हा तलाव गणपतीच्या सुमारास भरतो आणि संक्रांतीला त्याच्या तळाशी चिखल उरतो. तीन वर्षांपूर्वी त्याची सरकारी पाहणी झाली. तलावाला मोठी गळती आहे, साठा टिकत नाही, सबब तळाला काळ्या मातीचा थर देऊन त्याचं साठवण तलावात रूपांतर करावं, असा प्रस्ताव झाला. तलावाच्या काठाला ज्यांची जमीन आहे ते खूश झाले. उपसा करायला पाणी मिळणार. खाली ओढ्याकाठी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी ग्रामसभेत हरकत घेतली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, की हे वाचत असतात, यांना विचारा.

मी इंजिनिअर नाही. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटबंधाऱ्यांचे अहवाल, अंदाजपत्रकं, नकाशे प्रती काढायला येत, ते वाचता वाचता या विषयात शिरलो आणि मग बाहेर येणं जमलं नाही. ग्रामसभेत मी एवढंच म्हणालो, की पाझर तलाव पाझरतो ही तक्रार म्हणजे चाळणीतून पीठ पडतं म्हणून रागावण्यासारखं आहे. लोक हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, की हे वाक्य सोपं होतं, खरं कितपत आहे ते पाहायला हवं. गळका लहान तलाव चांगला की वाईट, याचा सगळ्यांत बारकाईने ठेवलेला हिशोब मला सापडला तो महाराष्ट्रात नाही, तर इथिओपियाच्या उत्तर टोकाला, तिग्रायच्या पठारावर. तो इथे मांडतो.

त्याआधी मातीचं धरण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. बाहेरून ती एक मातीची टेकाडासारखी भिंत दिसते, पण आत तिचे भाग असतात. पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. मुरूम पाणी अडवत नाही, पण वजन देतो आणि उतार धरून ठेवतो. गाभा जमिनीवर नुसता ठेवलेला नसतो. खाली खंदक खणून तो कठीण थरापर्यंत उतरवतात. पाण्याकडच्या उताराला लाटांपासून वाचवायला दगडांचं पिचिंग, कोरड्या बाजूच्या पायथ्याशी दगडवाळूचा निचरा आणि एका टोकाला जादा पाणी जायला सांडवा. मातीच्या धरणावरून पाणी कधीही वाहू द्यायचं नसतं. वाहिलं की भिंत तासाभरात कापली जाते. म्हणून सांडव्याच्या पातळीपेक्षा भिंतीचा माथा चांगला उंच ठेवतात.

साठवण तलावात तो खंदक शक्य तितका खडकापर्यंत नेतात. पाझर तलावात तो मुद्दाम उथळ ठेवतात, म्हणजे पाणी भिंतीतून नव्हे तर भिंतीखालून, मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पुढे सरकतं आणि खालच्या विहिरींना लागतं. फरक एवढाच, पण सगळा वाद त्या फरकाचा आहे.

मातीचं प्रत्येक धरण थोडंफार पाझरतं. प्रश्न असतो तो कुठून आणि कसं याचा. पायथ्याशी निवळशंख पाणी झिरपत असेल तर बहुधा घाबरायचं कारण नसतं. तेच पाणी गढूळ यायला लागलं, तर त्याचा अर्थ ते भिंतीची माती सोबत घेऊन येतंय. आत एक नळी तयार होतेय आणि ती मागे मागे, पाण्याच्या दिशेने, वाढत चाललीय. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. खेकड्यांनी भिंत पोखरली, असं तेव्हा एक मंत्री म्हणाले आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या भिंतीला भोकं पाडतात हे खोटं नाही. म्हणूनच तर भिंतीची देखभाल करायची असते. थट्टा व्हायला हवी होती ती देखभालीची.

तर एक गळती अशी, की ती दिसताच धावत सुटावं. दुसरी गळती पायाखालची. तिग्रायचा हिशोब आहे तो मुख्यतः या दुसरीचा.

तिग्रायची राजधानी मेकेले समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे ते आख्खं शहर कळसूबाईच्या डोक्यावर. पाऊस आपल्या अवर्षणग्रस्त पट्ट्यासारखाच, बहुतेक ठिकाणी पाचशे ते सातशे मिलिमीटर, आणि तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. त्यातही जुलै-ऑगस्टचे दोन महिने खरे. इथिओपियाच्या पठारावर मोठ्या प्रदेशात आपल्यासारखाच लाव्हाचा काळा खडक आहे, वयाने आपल्या सह्याद्रीपेक्षा तरुण, सुमारे तीन कोटी वर्षांचा. मेकेलेच्या आसपास मात्र त्याखालचे चुनखडीचे आणि शेलचे थर उघडे पडले आहेत. सखल भागात काळी भेगाळणारी माती आहे. तिग्रिन्या भाषेत पाण्याला ‘माय’ म्हणतात. कितीतरी गावांची, ओढ्यांची नावं ‘माय’ने सुरू होतात. मराठी माणसाला ते वाचताना जरा थांबायला होतं.

दुष्काळाचं नातंही जुळं आहे. 1972 मध्ये आपल्याकडे पाऊस गेला, तसाच तिकडेही गेला. आपल्याकडे खडी फोडायची आणि तलावांची कामं निघाली, लाखो माणसं त्यावर जगली. तिकडे वोल्लो आणि तिग्राय प्रांतांत सरकारने दुष्काळ दडवला. माणसं मेली आणि 1974 मध्ये सम्राट हैले सेलासी यांची सत्ता गेली. पुढे 1984-85 चा दुष्काळ आला तेव्हा यादवी चालू होती, आणि कोरेमच्या छावणीतली दृश्यं साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. आपल्याकडे तलाव दुष्काळात बांधले गेले. त्यांच्याकडे दुष्काळाच्या आठवणीने, दहा वर्षांनी.

1990 च्या दशकाच्या मध्यात तिग्रायच्या प्रादेशिक सरकारने त्यासाठी एक आयोग नेमला. उद्दिष्ट मोठं होतं: दहा वर्षांत 500 मातीचे तलाव आणि 50 हजार हेक्टर ओलीत. प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास बांधून झाले आणि मग वेग मंदावला, कारण बांधलेल्यांचं काय होतंय ते दिसू लागलं होतं. हे मला महत्त्वाचं वाटतं. थांबून पाहणं आपल्याकडे क्वचितच घडतं. तिथल्या मेकेले विद्यापीठाने आणि सोबतच्या परदेशी अभ्यासकांनी तलाव एकेक करून मोजायला घेतले. 2016 मध्ये 92 तलावांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 61 टक्के तलावांत गाळाचा त्रास होता, 53 टक्के तलाव गळत होते आणि 22 टक्के तलावांत पुरेसं पाणीच येत नव्हतं. (नोव्हेंबर 2020 ते नोव्हेंबर 2022 या काळात तिग्राय युद्धात होरपळला. इथले सगळे आकडे त्याआधीचे आहेत.)

निम्म्याहून जास्त तलाव गळके. आमच्या पाहणी अहवालाच्या भाषेत, फसलेले. पण त्या गळतीचं पुढे काय झालं हे शोधायला तिथले अभ्यासक भिंतीच्या खालच्या अंगाला चालत गेले आणि त्यांना एकच उत्तर मिळालं नाही.

कितीतरी ठिकाणी तलावाखालच्या ओढ्यात झरे वाहू लागले होते, उथळ विहिरी खोदल्या गेल्या होत्या आणि कालव्याने जे ओलीत व्हायचं ते विहिरींनी होत होतं. जमिनीखालचं पाणी उडूनही जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तळ्यातलं पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने नुसतं हवेत जातं. महिन्याला वीतभराहून जास्त. दोन-तीन मीटर खोलीच्या लहान तलावाला हा मोठा खर्च आहे. (विहिरीतलं पाणी मोटरीने उपसून वर प्लास्टिक घातलेल्या शेततळ्यात उन्हाखाली साठवतात, ते पाहिलं की मला थंडगार रांजणातलं पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं वाटतं.) या बाजूने पाहिलं तर माझं चाळणीचं वाक्य खरं ठरतं.

मग मी गुम सेलासाबद्दल वाचलं. मेकेलेच्या दक्षिणेला, अदी गुदोम या गावाजवळ, 1990 च्या दशकाच्या मध्यात बांधलेला हा तलाव. साठा सुमारे 19 लाख घनमीटर, 110 हेक्टर ओलीत करायचा बेत. खालची जमीन जड काळी, निचरा कमी. इथेही पाणी खाली गेलं, पण त्याला पुढे वाट नव्हती. ते शेतांच्या मुळाशी तुंबलं, वर चढलं, उन्हाने पृष्ठभागावरून उडालं आणि मागे क्षार ठेवून गेलं. शेतं चिबड झाली. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. पांढरी फटक पडलेली रानं त्यांनी पाहिलेली आहेत. म्हणजे तलाव गळका असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच खालच्या जमिनीला भेगा, मुरूम आणि उतार असणं महत्त्वाचं. पाझर हा भिंतीचा गुण नाही, खालच्या रानाचा गुण आहे.

तिसरी गोष्ट मी कधीच कल्पिली नव्हती. पठारावर लोक पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहत आले, त्याचं एक कारण हिवताप. दोन हजार मीटरच्या आसपास डासांचा जोर ओसरतो. 1997 मध्ये काही अभ्यासकांनी तलावापासून तीन किलोमीटरच्या आतली आठ गावं आणि आठ-दहा किलोमीटर दूरची आठ गावं घेतली. सगळी 1,800 ते 2,225 मीटर उंचीवरची. दहा वर्षांखालच्या सुमारे सात हजार मुलांची वर्षभरात चार वेळा तपासणी केली. तलावाजवळच्या मुलांमध्ये हिवतापाचं प्रमाण दूरच्या मुलांच्या सातपट निघालं. 1999 मध्ये हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. पहिलं नाव होतं टेड्रॉस अधानोम घेब्रेयेसस; करोनाच्या काळात ज्यांना आपण रोज टीव्हीवर पाहत होतो ते जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख. तेव्हा ते हिवतापावर काम करणारे तरुण अभ्यासक होते.

आणि डास होत कुठे होते? मोठ्या उघड्या पाण्यापेक्षा भिंतीच्या पायथ्याशी साचलेल्या झिरप्याच्या लहान उथळ डबक्यांत. देबा नावाच्या गावात पुढे एक प्रयोग झाला: गावकऱ्यांनी ती डबकी बुजवली, पाण्याला चर काढून दिले, डास जवळपास निम्म्याने घटले. औषध नाही, फवारणी नाही, फावडं. पाझराला वाट काढून देणं एवढंच काम. तेच गुम सेलासाच्या शेतांना हवं होतं.

गाळाचं थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला माहीत आहे. तिग्रायच्या डोंगरउतारांवरून तलावात येणारा गाळ मोजला गेला तो दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सरासरी नऊशे टनांच्या घरात. अभ्यासलेल्या तलावांपैकी बऱ्याच तलावांचं आयुष्य कागदावरच्या आयुष्याच्या निम्मंही भरणार नव्हतं. उतारावर दगडी बांध घातले तर शेतातली धूप 68 टक्क्यांनी कमी होते, हेही तिथेच मोजलं गेलं. चराईबंदीने डोंगर हिरवे झाले. अब्रेहा वेअत्सबेहा या गावाने हे इतक्या चिकाटीने केलं की आटलेल्या विहिरींना पाणी आलं आणि 2012 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मात्र डोंगरावर पाणी मुरायला लागलं की तलावात येणारा लोंढा कमी होतो, हेही खरं. वर पाणलोटाचं काम चांगलं झालं म्हणून खाली तलाव भरेना, हा अनुभव आपल्याकडच्या काही गावांनाही आहे. आपला गाळ आणखी एक काम करतो: तळाशी बसून भेगा लिंपतो. आमचा तलाव आईच्या आठवणीत फेब्रुवारीआधीच कोरडा पडायचा, आता संक्रांतीनंतरही चिखल राहतो. म्हणजे ज्याला अहवालात गळका म्हटलंय तो प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा कमी गळतोय.

आता शेवटचा मुद्दा. तो मला सगळ्यांत अवघड गेला. पाणी तलावात असतं तोवर ते गावाचं असतं. ते जमिनीत उतरलं की विहीर ज्याची त्याचं होतं. तिग्रायमध्ये 1975 पासून जमीन सरकारची आहे. तलाव झाला की लाभक्षेत्रातल्या जमिनीचे लहान लहान तुकडे करून ते घरटी वाटले गेले, बुडीत क्षेत्रात ज्यांची जमीन गेली त्यांनाही. पाण्याच्या पाळ्या लावायला गावाने निवडलेला माणूस असतो. त्याला ‘अबो माय’ म्हणतात, पाण्याचा बाप. आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्याचा हा भाऊबंद. पण अबो मायची सत्ता कालव्यावर चालते. झिरपून विहिरीत गेलेल्या पाण्यावर चालत नाही. गळती पाण्याचं नुकसान करत नसेल, पण वाटप बदलते.

आपल्याकडे हा प्रश्न स्वच्छ डोळ्यांनी पाहिला तो विलासराव साळुंखे यांनी. 1972 नंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यांनी काम सुरू केलं आणि पाणी पंचायतीचा नियम घातला, की पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं. ऊस नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पाझर तलाव बांधणारे हात बहुतांशी भूमिहीनांचे होते, पाणी मात्र विहीरवाल्यांकडे गेलं. साळुंखे यांचा शेवटचा नियम त्यासाठीच होता असं मला वाटतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी ग्रामसभेत परत काही बोललो नाही. एक मोजपट्टी आणली, तिच्या टोकाला लोखंडी वजन बांधलं, आणि तलावाखालच्या अकरा विहिरींची पाणीपातळी दर अमावास्येला मोजायला लागलो. गेली दोन वर्षं वहीत नोंद आहे. अकरापैकी सात विहिरी तलावाबरोबर चढतात आणि चैत्रापर्यंत दम धरतात. यात दोन विहिरी तलावापासून बऱ्याच लांब आहेत. उरलेल्या चारांतल्या दोन भिंतीच्या अगदी जवळ असूनही त्यांना तलाव भरल्याचं कळतही नाही. खडकातली भेग त्यांना चुकवून जाते. क्षार कुठे दिसले नाहीत, उतार चांगला आहे. डबकी आहेत, ओढ्याच्या वळणावर तीन. त्यांना चर काढून द्यायला दोन माणसांचं एका दिवसाचं काम.

आणि भिंतीवर वेड्या बाभळी माजल्या आहेत. त्यांच्यातली एक वाळली आहे. मुळं कुजली की मातीत पोकळ नळ्या राहतात. त्याच ठिकाणी कोरड्या अंगाला, भिंतीच्या मध्यावर, घोंगडीएवढा ओला डाग पडतो. मागच्या भाद्रपदात तलाव तुडुंब होता तेव्हा तिथून एक दिवस गढूळ पाणी आलं आणि मग थांबलं. प्रस्तावात तळाला काळी माती टाकायचं कलम आहे, या डागाचं नाही. मी त्याचे फोटो काढून, तारीख घालून, अर्जासोबत जोडून दिले आहेत आणि पोच घेतली आहे. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

आमची स्वतःची तलावाखाली जमीन नाही. आईने वाहिलेल्या मातीआड साठलेलं पाणी आमच्या दारात कधी आलं ते सार्वजनिक नळाने, त्याच सातांपैकी एका विहिरीतून, उन्हाळ्यात एक दिवसाआड. तळाला थर दिला तर काठावरच्या सहा-सात शेतकऱ्यांच्या मोटरी चालतील, आणि ही नळाची विहीर कदाचित फाल्गुनातच बसेल. ग्रामसभा तुळशीच्या लग्नानंतर आहे. वहीच्या पंचवीस प्रती काढून ठेवल्यात. दुकान घरचंच आहे.